पहिलीचा वर्ग या महिन्यात काय शिकतो आहे

(डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर भिवंडी येथे हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण. छपाईसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



आपल्या कामाला हातभार लावणारी मंडळी आम्हाला पत्रांतून आणि फोनवर नेहमी तीन प्रश्न विचारतात. मुले किती आहेत? खायला काय देता? आणि ती शिकतात काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अहवालात असतात. तिसऱ्याचे उत्तर "मुलांची प्रगती समाधानकारक आहे" एवढ्या एका ओळीत उरकले जाते. आज मी फक्त त्या तिसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे, तेही पहिलीच्या वर्गापुरते आणि या एका महिन्यापुरते.

आधी एक खुलासा. पहिलीचा वर्ग आमचा नाही. तो जिल्हा परिषदेच्या शाळेचा आहे, तिथे बाई सरकारी आहेत आणि पुस्तक बालभारतीचे आहे. आमचे काम शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर. भट्टीवरून मुलांना शाळेत पोहोचवायचे, संध्याकाळी दोन तास अभ्यासाला बसवायचे, आणि शाळा व आईबाप यांच्यात निरोप्याचे काम करायचे. तेव्हा शिकवण्याचे श्रेय बाईंचे. मी सांगते ते वर्गाच्या दारातून पाहिलेले आणि संध्याकाळच्या पाट्यांवर वाचलेले आहे.

पहिलीला यंदा, म्हणजे २०२५-२६ पासून, नवा अभ्यासक्रम आणि नवी पुस्तके आली. आपण शिकलो तेव्हा 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीने घोकायचे आणि मग शब्द. आता बाई अक्षरांचे छोटे छोटे गट घेतात. चारपाच अक्षरे आणि एक काना झाला की लगेच त्यांचे शब्द करायचे. त्यामुळे जूनमध्ये पाटी हातात न धरलेले मूल गणपतीपर्यंत दोन-तीन अक्षरी शब्द वाचू लागते. दिवाळीपर्यंत काना पक्का होतो. या महिन्यात वर्ग वेलांटीवर आहे, पहिली आणि दुसरी. जानेवारीत उकार, मग मात्रा.

गणितात वीसपर्यंत मोजणे झाले, आता दशक आणि एकक चालू आहे. दहा काड्या मोजायच्या, दोरा बांधायचा, गठ्ठा करायचा. तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या म्हणजे चौतीस. इंग्रजी आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच आहे, म्हणून रंगांची आणि प्राण्यांची इंग्रजी नावेही चालू आहेत. याशिवाय वार, महिने, ऋतू, गाणी, मातीकाम.

वर्षअखेर कुठे पोहोचायचे, हेही ठरलेले आहे. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्यानुसार पहिलीच्या शेवटी मुलाने चारपाच सोप्या शब्दांचे न पाहिलेले वाक्य वाचावे, ९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात आणि लिहाव्यात, सोपी बेरीज-वजाबाकी करावी. ऐकायला हे थोडे वाटते. पण याच्यावर पुढची सगळी शाळा उभी असते. ज्याला वाक्य वाचता येत नाही त्याला तिसरीत परिसर अभ्यास कळत नाही, गणिताचे शाब्दिक उदाहरणही कळत नाही. मग ते मूल मागच्या भिंतीला टेकून बसू लागते आणि एक दिवस येतच नाही.

आता आमच्या वर्गाची अडचण सांगते. जूनमध्ये जेवढी मुले पहिलीत होती, तेवढीच आज असतील. पण ती तीच मुले नाहीत. दिवाळी झाली की गावोगावच्या पाड्यांवरची काही घरे बंद होतात आणि कुटुंबे दुसऱ्या तालुक्यात वीटभट्टीवर निघून जातात. त्याच दिवसांत जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबे भिवंडी तालुक्यातल्या भट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्यात खाण्यासाठी, आजारपणासाठी, लग्नासाठी उचल घेतलेली असते, ती फेडायला हंगामभर माती मळायची आणि विटा पाडायच्या. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि गाठोडी परत बांधली जातात. आपल्या शहरात, कल्याणात, ठाण्यात जे मजले चढतात, महामार्गालगत जी गोदामे उभी राहतात, त्यांतली कितीतरी वीट या हातांची असते.

यात पहिलीच्या मुलाचे काय होते ते पाहा. त्याने आपल्या पाड्यावरच्या शाळेत काना शिकला. दिवाळीनंतर ते भट्टीवर आले. इथल्या शाळेत गेले नाही, तर त्याचा अभ्यास कान्यावर थांबला. जूनमध्ये ते परत जाते तेव्हा शाळेच्या पटावर ते दुसरीत असते. त्याला वेलांटी कोणी शिकवलेली नसते, पण दुसरीचे पुस्तक ती येते असे धरूनच सुरू होते. कायद्याने त्याला पहिलीत मागे ठेवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, पण त्यामुळे एक गोष्ट पक्की होते. पहिली आयुष्यात एकदाच येते, आणि आमच्या मुलांची ती अर्धीच होते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. त्यातील पाचव्या कलमाने मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे. दाखला मागून आला तरी चालतो, त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. आपल्या राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गावच्या शाळेने ते भरून द्यायचे आणि इथल्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात घ्यायचे. मूल मागे आजीजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय करता येते.

पण कार्डाला पाय नसतात. भट्टी शाळेपासून तीन किलोमीटरवर असते आणि मधे ट्रकचा रस्ता असतो. आईबाप पहाटेपासून गाऱ्यात असतात. सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. तिला शाळेत आणायचे तर आधी त्या भावाला अंगणवाडीत बसवावे लागते. आमच्या तायांचा सकाळचा वेळ यातच जातो. अहवालात याला 'पटनोंदणी' म्हणतात.

आता भाषेविषयी. हा मुद्दा आपल्या मंडळीत फारसा बोलला जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मागच्या आठवड्यात वेलांटीचा धडा चालू होता. फळ्यावर 'पाणी' लिहिले होते. एका मुलीने बोट फिरवत खणखणीत आवाजात वाचले, "पानी". वर्गातली दोन मुले हसली. ती मुलगी चुकली का? तिने 'पा' ओळखला, काना ओळखला, दुसरी वेलांटी ओळखली. शब्दाचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता, कारण सकाळी दोन हंडे तिनेच भरले होते. भट्टीवरच्या बहुतेक मुलांच्या तोंडी 'ण'च्या जागी 'न' येतो, जसा आपल्या आगरी शेजाऱ्यांच्या बोलीतही येतो. बाई शहाण्या आहेत. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केले आणि म्हणाल्या, "बरोबर. घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात. दोन्ही एकच." मुलगी खाली बसली ती ताठ मानेने. त्या जागी बाई नुसते "चूक" म्हणाल्या असत्या, तर ती पुढे महिनाभर तोंड उघडती ना.

एप्रिल आणि जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयावरून केवढा गदारोळ झाला, हे आपण पाहिले. २९ जूनला ते निर्णय मागे घेतले गेले. मराठीच्या बाजूने खूप लोक बोलले आणि ते बोलायलाच हवे होते. मला त्या दिवसांत एवढेच वाटत होते की, कातकरी मुलाला पुस्तकातली मराठी हीच दुसरी भाषा आहे, हेही कोणीतरी बोलावे. शिक्षणहक्क कायद्यात तर स्पष्ट आहे की, शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे. भिवंडीच्या गल्ल्यांत उर्दू आहे, हिंदी आहे, मागावरच्या पद्मशाली घरांतली तेलुगू आहे. या भाषांना छापील अक्षर आहे. कातकरी बोलीचे पुस्तक कुठल्या दुकानात मिळत नाही. महाराष्ट्रात अतिमागास म्हणून गणलेले तीन आदिवासी समूह आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतला कातकरी आपल्या शेजारी, नदीच्या पलीकडे राहतो आणि त्याची बोली आपल्यापैकी किती जणांना येते?

आपल्या मंडळीला हे परके वाटू नये. पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या लोकांनी देवाची कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, असे आपण दरवर्षी वाचतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते अडाणी बाईलाही कळावे म्हणून. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, त्याआधी ते काम त्यांनी हातावेगळे केले आणि १९२४ साली ते छापून झाले. एवढ्या विदुषीने सोप्या शब्दासाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. मग पहिलीच्या मुलीच्या 'पानी'ला आपण पाच मिनिटे देऊ शकतो.

आता गणित. या महिन्यात मुलांना सर्वांत जड जाते ती दशकाची संख्या, आणि त्यात मुलांचा दोष नाही. मराठीत आपण 'चौतीस' म्हणतो तेव्हा चार आधी येतात आणि तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. 'एकोणतीस' ऐकताना त्यात ना दोन ऐकू येतात, ना नऊ. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सदुसष्ट'सोबत 'साठ सात' असेही वाचन सुचवले, तेव्हा केवढा वाद झाला होता. टीका करणाऱ्यांना मराठी संख्यांची गोडी जपायची होती, आणि पुस्तक करणाऱ्यांना मुलाचा अडखळणारा पाय दिसत होता. मी त्या वादात पडत नाही. आमच्या बाई दोन्ही करतात. आधी गठ्ठे मोजून "साठ आणि सात", मग "सदुसष्ट". मुलांच्या डोक्यात ते बसते.

भट्टीवरच्या मुलांना दहाचा गठ्ठा समजावून सांगावा लागत नाही. वाळत घातलेल्या विटांच्या रांगा ती रोज पाहतात, ओल्या विटा कुशीवर पालटायला हात लावतात. एका मुलाला बाईंनी विचारले, "दहा दहाच्या पाच रांगा म्हणजे किती?" तो पाटीकडे न बघता म्हणाला, "पन्नास. पण दोन फुटल्यात." वर्ग हसला, बाईही हसल्या आणि लगेच त्याचीच वजाबाकी फळ्यावर मांडली.

हे मी कौतुकासाठी सांगत नाही. सहा वर्षांच्या मुलाने विटा पालटू नयेत, असेच आमचे म्हणणे आहे आणि ते आम्ही भट्टीवर जाऊनही सांगतो. पण या मुलांच्या घरात संख्या म्हणजे काय, हे आपण समजून घ्यावे. मजुरी हजार विटांमागे असते. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. उचल, खर्ची आणि पडलेल्या विटा, असा तिन्हींचा हिशेब एका वहीत असतो. ती वही मजुराच्या घरात नसते, आणि असली तरी ती वाचणारा घरात नसतो. सदुसष्ट हजार आणि शहात्तर हजार यांतला फरक म्हणजे फक्त दोन आकड्यांची अदलाबदल. पण तो फरक नऊ हजार विटांचा आहे, आणि त्या विटांसाठी नवराबायको दोघे कित्येक दिवस गाऱ्यात उभे राहिलेले असतात. आपल्या देशात वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. तो कायदा वहीच्या पानापर्यंत पोहोचायचा असेल, तर ते पान वाचणारे कोणीतरी घरात हवे.

निर्गमाच्या पाचव्या अध्यायात इस्राएल लोक मिसर देशात विटा पाडत होते. फारोने गवत देणे बंद केले, पण विटांची संख्या तेवढीच ठेवली. तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. भट्टीवर काम सुरू केल्यावर तो मला नव्याने कळला. देवाने त्या लोकांचे ओरडणे ऐकले, असे निर्गमात सांगितले आहे. आपल्याला ते ऐकू येते का, हा प्रश्न त्यातून आपल्यासाठी उरतो.

आता एक अवघड प्रश्न. काही हितचिंतक प्रेमाने विचारतात, "ताई, या मुलांना प्रभूविषयी काय शिकवता?" मी सरळ उत्तर देते. शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळच्या अभ्यासात आम्ही वेलांटी शिकवतो. प्रार्थनेला बसल्याशिवाय पाटी मिळणार नाही, अशी अट आम्ही कधी घातली नाही आणि घालणार नाही. सहा वर्षांचे मूल आणि उचलीखाली दबलेला बाप, दोघेही "नाही" म्हणू शकत नाहीत. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्याकडून घेतलेला होकार प्रभूला काय कामाचा? माझी साक्ष माझ्या कामात दिसावी. कोणी आपणहून विचारले, तर माझी आशा कशावर आहे, हे सांगायला मी लाजत नाही.

आणखी एक सांगते. फिलिप्पाला वाटेत रथात बसलेला कूश देशाचा अधिकारी भेटला. तो यशयाचा ग्रंथ वाचत होता. फिलिप्पाने त्याला पहिला प्रश्न विचारला तो समजण्याविषयीचा. त्या माणसाला वाचता येत होते, म्हणून पुढचे संभाषण झाले. १८२४ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने मुलींची शाळा काढली, तेव्हाही सुरुवात अक्षरांपासूनच झाली. अक्षर देणे ही हलक्या दर्जाची सेवा नाही.

आणि हे काम आपण पहिल्यांदा करतो आहोत, असेही कोणी समजू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी आयुष्य घातले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणातच शाळा भरवली. १९९०च्या दशकात विधायक संसदेने आपल्याच भागातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. या लोकांनी मळलेल्या वाटेवरून आपण चालतो आहोत.

आता तुमच्याकडे मागणे. दप्तरे पुरेशी आली आहेत, त्याबद्दल आभार. यंदा दप्तरे नकोत. चार गोष्टी हव्या आहेत.

पहिली, कान. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात आठवड्यातून एक दिवस येऊन एका मुलाशेजारी बसा आणि ते वाचते ते ऐका. तुम्हाला शिकवता आले नाही तरी चालेल. मूल कोणीतरी ऐकत असले की वाचते. तरुण संघातून आणि महिला मंडळातून वीस जण मिळाले, तर होळीपर्यंत एकही पाटी एकटी बसणार नाही.

दुसरी, नजर. तुमच्या रस्त्यावर, वज्रेश्वरीकडे, अंबाडीकडे, पडघ्याकडे जाताना नवी भट्टी लागलेली दिसली आणि तिथे शाळेच्या वयाची मुले दिसली, तर आम्हाला किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेला कळवा. एवढ्याने एखाद्या मुलाची पहिली वाचते.

तिसरी, चौकशी. आपल्यापैकी काही जण घर बांधतात, काही जण ठेकेदारी करतात. वीट घेताना भाव विचारता, तसे एकदा हेही विचारा की, तुमच्या भट्टीवरची मुले शाळेत जातात का? गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न मालक लक्षात ठेवतो.

चौथी, वाहनभाडे आणि दिवे. मुलांना ने-आण करणारी रिक्षा आणि अभ्यासाच्या जागी सौर दिवे, एवढाच या हंगामाचा मुख्य खर्च आहे. नाताळचे अर्पण द्यायचे मनात असेल, तर ते यासाठी द्या. हिशेब मार्चच्या अंकात छापू.

आणि प्रार्थना. मुलांसाठी तर कराच, पण त्या बाईंसाठीही करा. अर्धा वर्ग दिवाळीत बदलतो आणि त्या पुन्हा कान्यापासून सुरू करतात, न चिडता. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत. तरी त्यांचे काम आपल्या प्रार्थनेत असावे.

पुढच्या महिन्यात वर्ग उकारावर जाईल. संक्रांतीला 'गूळ' आणि 'तीळ' दोन्ही शब्द फळ्यावर येतील, म्हणजे वेलांटी आणि उकार एकाच दिवशी. 'ळ'ही आमच्या मुलांना अवघडच जातो. जी मुले आज नियमित येतात, ती ते दोन शब्द वाचतील, अशी बाईंची खात्री आहे. भट्टीवर अजून काही मुले आहेत, ती अद्याप पटावर आलेली नाहीत. त्यांना आणायला उद्या सकाळी आम्ही जाणार आहोत. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी सभेनंतर नाव द्यावे. सातला निघू.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.